हाताने बनवलेल्या गिटारच्या बाजूंना आतून आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये गिटार बनवणारे आणि फुटलेली गिटार घेऊन येणारे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे मापं स्टीलच्या तारांच्या, ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारची समजावीत.

१. गिटारच्या बाजूंना आतून त्या उभ्या पट्ट्या कशासाठी लावतात?

चीर थांबवण्यासाठी. बाजू म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधली, साधारण २ ते २.३ मिमी जाडीची, ८० सेंटीमीटरच्या आसपास लांबीची फळी, गरम करून वाकवलेली. लाकडाच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने धावतात. गिटार टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली किंवा लाकूड फार सुकलं, की चीर रेषेला धरून सुटते आणि अडवणारं काही नसेल तर कमरेपासून (मधल्या अरुंद भागापासून) थेट खालच्या टोकापर्यंत जाते. आडव्या रेषांना छेद देणारी उभी पट्टी मध्ये असेल तर चीर तिच्यापाशी थांबते. २५ सेंटीमीटरऐवजी ७ सेंटीमीटरची चीर दुरुस्त करणं वेगळी गोष्ट आहे, हे दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही विचारा.

२. पट्ट्या नसतील तर तारांच्या ताणाने बाजू फुटेल का?

नाही. लाइट गेजच्या (बारीक जाडीच्या) सहा तारांचा एकत्र ताण ७० किलोच्या आसपास असतो, पण तो मुख्यतः टॉप (पुढची फळी), त्याखालचे ब्रेस (आधाराच्या काठ्या), मान आणि मानेचा ठोकळा पेलतात. बाजू वाकवल्यामुळेच बऱ्यापैकी कडक होते. सपाट फळी हातात धरा आणि मग वाकवलेली धरा, फरक लगेच कळतो. पट्ट्या नसलेल्या कितीतरी जुन्या गिटारी आजही वाजताहेत. हा विमा आहे, खांब नव्हे. त्यामुळे पट्टी जाडजूड करून काही मिळत नाही, उलट नुकसान होतं (प्रश्न ६).

३. लायनिंग आणि या पट्ट्या एकच ना?

नाही. लायनिंग बाजूच्या वरच्या आणि खालच्या कडेने आडवी फिरते. टॉप आणि बॅक (मागची फळी) चिकटवायला २ मिमीची कड पुरत नाही, म्हणून ती रुंद करायला लायनिंग असते. ती वाकावी म्हणून तिला जवळजवळ खाचा पाडतात. खाचा आतल्या, दिसणाऱ्या बाजूला ठेवायची जुनी पद्धत. हल्ली बरेच जण खाचा बाजूच्या लाकडाकडे ठेवून अखंड पाठ आत ठेवतात. या उलट्या लायनिंगने बाजू लक्षणीय कडक होते. मात्र चीर मधल्या भागात सुटते, तिथे लायनिंग पोचतच नाही.

४. माझी गिटार दुकानातून घेतलेली, दहा-बारा हजारांची आहे. तिला पट्ट्या लावून घेऊ का?

नको. या किमतीत बाजू बहुतेक वेळा प्लायच्या असतात. थरांच्या रेषा एकमेकींना छेदत असल्याने लांब चीर जायचा प्रश्नच फारसा येत नाही. तपासायचं असेल तर साउंडहोलमधून मोबाइलचा टॉर्च मारा आणि बाजूच्या आतल्या रेषा बाहेरच्या रेषांशी ताडून बघा. बाहेर गडद शिसवी आणि आत फिकट, भलतंच लाकूड दिसलं तर प्लाय आहे. तेच पैसे चांगल्या तारा आणि नीट सेटअपवर घालवा.

५. पट्टी लाकडाची लावावी की कापडाची?

दोन्ही चालतं. कारखान्यांत कापडी फीत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे, तेव्हा ते जुगाड समजू नका. घट्ट विणीची सुती किंवा लिननची फीत घ्या. मांजरपाट चालतो, पण आधी धुऊन त्यातली खळ काढा, नाहीतर गोंद आत मुरत नाही. कापडाचा मोठा गुण म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तर ते आड येत नाही. शिवाय ते इतकं पातळ असतं की लायनिंगखालून सरळ काठापर्यंत नेता येतं.

तोटेही आहेत. कापड चीर रोखतं, पण बाजूला कडकपणा जवळपास देत नाही. ओल्या गोंदात भिजवलेली फीत सुकताना आकसते आणि पातळ बाजूला आत ओढते. बाहेरून हात फिरवला की हलके खड्डे लागतात आणि पॉलिश झाल्यावर ते चकाकीत दिसतात. म्हणून फीत लावली की बाजू पूर्ण सुकेपर्यंत साच्यातून (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीतून) काढायची नाही आणि गोंद बेताचा घ्यायचा.

माझा कल लाकडी पट्टीकडे आहे. ती नीट बसली आहे की नाही हे डोळ्यांना आणि बोटाला कळतं. कापडाखाली हवा राहिली तर बऱ्याचदा पत्ता लागत नाही. पण पहिलीच गिटार असेल आणि पटाशी हातात नीट बसलेली नसेल, तर कापड लावा.

६. लाकडी पट्टीचं लाकूड कोणतं, माप किती, आणि रेषा कोणत्या दिशेला?

स्प्रूस. टॉपच्या ब्रेससाठी आणलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे यासाठी उत्तम. महोगनी किंवा सिडारही चालतं. रुंदी ६ ते ८ मिमी, जाडी २ मिमीच्या आसपास. रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे बाजूच्या रेषांना काटकोनात.

गोम या काटकोनातच आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. बाजूची उंची १०० ते १२५ मिमी. कोरड्या हवेतून दमट हवेत गेल्यावर ही उंची अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे बदलू शकते, आणि तिला काटकोनात चिकटलेली पट्टी मात्र आहे तेवढीच राहते. पट्टी पातळ असली तर दोघांची तडजोड होते. ५ मिमी जाडीची सागवानी पट्टी लावली तर ती हलणार नाही; बाजू आकसू बघेल, पट्टी अडवेल आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये चीर पडेल, म्हणजे जे टाळायला पट्टी लावली तेच होईल. ‘मजबूत’ करण्याच्या नादात फुटलेल्या बाजू दुरुस्तीला येतात त्या अशा. लाकडाची हालचाल बंद करता येत नाही, तिला वाट ठेवावी लागते.

७. किती पट्ट्या आणि कुठे कुठे?

दर ६ ते ७.५ सेंटीमीटरला एक. म्हणजे एका बाजूला साधारण दहा. कमी करायच्या असतील तर सात-आठ. कमरेच्या तीव्र वळणात लाकूड आपोआप कडक असतं, तिथे एक पुरते. खालच्या फुगीर भागात, विशेषतः खालच्या टोकाजवळ, जवळ जवळ लावा. आपटणं तिथेच होतं.

जागा खुणावण्यापूर्वी बॅकच्या ब्रेसची टोकं लायनिंगमध्ये कुठे शिरणार हे पेन्सिलीने मांडून घ्या. पट्टी नेमकी त्याच जागी घेऊन ब्रेसचं टोक तिच्यावर टेकवायचं, किंवा पट्टी पूर्ण बाजूला सरकवायची. अर्धवट एकमेकांवर आली की खाच धड इकडची होत नाही, धड तिकडची.

८. पट्टीची टोकं लायनिंगला भिडवायची, लायनिंगखाली घुसवायची की अलीकडेच थांबवायची?

यावर बनवणाऱ्यांत वाद आहेत आणि ते मिटणार नाहीत. मला पटलेला क्रम सांगतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे पट्टी टॉपपासून बॅकपर्यंत पूर्ण उंचीची, आणि लायनिंगला तिच्या मापाची खाच. चिरेला पळवाट राहत नाही. पण प्रत्येक खाच मोजून कापावी लागते आणि वीस पट्ट्यांना चाळीस खाचा होतात.

दुसरं म्हणजे आधी लायनिंग लावायची आणि पट्टी वरच्या-खालच्या लायनिंगच्या मध्ये घट्ट बसेल अशी कापायची. वेळ कमी, परिणाम जवळपास तोच, फक्त टोक खरंच भिडलं पाहिजे. बहुतेकांनी हेच करावं.

टाळायचं ते तिसरं: लायनिंगच्या ४-५ मिमी अलीकडे बोथट टोक ठेवून थांबायचं. पट्टी संपते तिथे कडक भाग एकदम संपतो आणि सगळा ताण पट्टी आणि लायनिंगमधल्या अरुंद जागेत गोळा होतो. चीर लायनिंगच्या काठाला समांतर तिथूनच जाते. काही कारणाने अलीकडे थांबावंच लागलं तर शेवटचे १५ मिमी पटाशीने उतरते करत कागदासारखे पातळ करा.

९. बाजू वाकडी आणि पट्टी सरळ. चिकटताना फट राहते, काय करू?

पट्टी उभी लागत असल्याने तिच्या लांबीत वळण येत नाही, फक्त ६-८ मिमी रुंदीत येतं. तेवढंही सोडून चालत नाही. गिटारच्या आतून पाहिलं तर फुगीर भागात बाजू खोलगट असते, म्हणून पट्टीचं बूड किंचित गोल हवं. कमरेत आतून बाजू उंचवटा धरते, तिथे बूड खोलगट हवं.

सोपा मार्ग असा. ज्या जागी पट्टी लागणार तिथेच १२० नंबरचा पॉलिश पेपर, खडबडीत बाजू आपल्याकडे करून, आतून मास्किंग टेपने चिकटवा. पट्टीच्या बुडावर पेन्सिलीने दाट रेघोट्या मारा आणि पट्टी उभ्या दिशेने वर-खाली घासा. फुगीर भागात दोन्ही कडांच्याच रेघोट्या पुसल्या गेल्या, किंवा कमरेत मधल्याच पुसल्या गेल्या, तर बूड अजून सपाट आहे. सगळ्या पुसल्या गेल्या की झालं. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर नंबर टाका, कारण तिसरी पट्टी चौथ्या जागी बसत नाही.

दाब द्यायला लहान क्लॅम्प आणि बाहेरून लाकडाचा तुकडा. साच्याला खिडक्या असतील तर आतून-बाहेरून जोरदार लोहचुंबकांची जोडीही छान काम करते. चुंबक हातातून सुटून एकमेकांवर आदळले तर बाजूला खोक पडते, तेव्हा एकाखाली पुठ्ठा धरून हळू सरकवत आणा.

१०. फेव्हिकॉल चालतो का?

पट्ट्यांपुरता नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल चालतो. इथे सततचा ताण नसतो. पण पांढरा गोंद उष्णतेत आणि ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून टॉपचे ब्रेस आणि ब्रिज यांना तो वापरू नका. पिवळा लाकूडगोंद त्याहून बरा. गरम सरस सगळ्यात कडक सुकतो आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर ऊब आणि ओलाव्याने सुटतो. फक्त तो गार व्हायच्या आत पट्टी बसवण्याइतका हात चपळ हवा. कोणताही गोंद घ्या, पातळ थर पुरे. दाबल्यावर कडेने बारीक मणी उमटले पाहिजेत, ओघळ येता कामा नये. जास्त पाणी म्हणजे बाजू फुगणार. आलेले मणी गोंद जेलीसारखा झाला की लाकडी काडीने खरवडा.

११. पावसाळ्यात हे काम करावं का?

हवेतला दमटपणा आटोक्यात नसेल तर नाही. जुलैत कोकणात आणि मुंबईत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज राहते. अशा हवेत फुगलेल्या बाजूला पट्टी चिकटवली आणि तीच गिटार मेमध्ये नागपूरला गेली, तर बाजूला आकसायचं असतं आणि पट्टी तिला ताणून धरते. लाकूड रेषांच्या आडवं ताणलं की फुटतंच. उलटी परिस्थिती, म्हणजे कोरड्यात चिकटवून दमटात नेणं, एवढी घातक नाही: लाकूड दाबलं जातं, फार तर हलकी लाट दिसते. म्हणून चूक करायचीच तर कोरड्याच्या बाजूने करावी.

४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरा. एक आर्द्रतामापक आणि एसी किंवा डीह्युमिडिफायर लावलेली छोटी खोली पुरते. वाकवलेल्या बाजू त्याच खोलीत साच्यात काही दिवस राहू द्या, कारण वाकवताना मारलेलं पाणी आणि लागलेली उष्णता यामुळे लाकूड तेव्हा ठिकाणावर नसतं. गिटार अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या कोणासाठी असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळा. तिकडे हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. केसमध्ये ओलावा देणारी पुडी ठेवायला आधीच सांगून ठेवा.

१२. पट्ट्यांमुळे आवाज दबतो का?

कानाला कळेल एवढा नाही. १०० मिमी लांब, ८ मिमी रुंद, २ मिमी जाड स्प्रूसची पट्टी एक ग्रॅमही भरत नाही. वीस पट्ट्या लावल्या तरी पंधरा ग्रॅमच्या आत.

बाजूंचा आवाजात वाटा किती, यावर अँटोनियो दे टोरेसची १८६२ सालची गिटार अजून बोलते. टॉप उत्तम लाकडाचा ठेवून त्याने बॅक आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाज मुख्यतः टॉपचा, हे त्याला दाखवायचं होतं. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचा ग्रेग स्मॉलमन: अतिशय पातळ टॉप आणि त्याभोवती जड, थर दिलेल्या कडक बाजू, म्हणजे टॉपची ऊर्जा बाजूंत वाया जाऊ नये. दोघांच्याही गिटारी वाजतात. तुमच्या पातळ पट्ट्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, कोणाच्या लक्षातही येणार नाहीत अशा बसतात.

१३. क्लासिकल गिटारलाही लावायच्या का?

लावल्या तर चांगलं. तिथे बाजू आणखी पातळ, १.५ ते २ मिमी असतात. नायलॉनच्या तारांचा ताण कमी असला तरी चिरेचा ताणाशी फारसा संबंध नाही (प्रश्न २). पट्ट्याही त्याच हिशोबाने पातळ ठेवा. स्पॅनिश पद्धतीत टॉपच्या कडेला सलग लायनिंगऐवजी सुटे छोटे ठोकळे बसवतात. तिथे पट्टीचं टोक दोन ठोकळ्यांच्या मध्ये नेता येतं, खाच पाडायची कटकट वाचते.

१४. दुहेरी बाजू केल्या तर पट्ट्यांची गरज उरते का?

नाही. आत दुसऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवला की चिरेला दोन्ही थर एकदम फोडावे लागतात. पण पाण्याचा गोंद वापरू नका, एवढ्या मोठ्या क्षेत्रावर तो लाकूड फुगवतो; इपॉक्सी घ्या. वजन वाढतं, साचा आत-बाहेर दोन्हीकडून दाबणारा लागतो, आणि एकदा चिकटलं की दुरुस्ती नाही. पहिल्या चार-पाच गिटारी होईपर्यंत या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

१५. बाजू वाकवतानाच कमरेत तडा गेला. आतून पट्टी लावून भागेल का?

तडा कसा आहे ते बघा. रेषेच्या दिशेने बारीक चीर असेल तर बाजू साच्यात असतानाच पातळ गोंद आत मुरवून दाबा, सुकल्यावर त्यावर उभी पट्टी लावा. रेषांना आडवा, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाकूड तुटून कुसळं उभी राहिली असतील, तर पट्टी कामाची नाही. पट्टी स्वतः त्याच दिशेने लागते, ती तुटलेल्या रेषा जोडणार कशी? अशा ठिकाणी आतून व्हिनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा लागतो, रेषा बाजूच्याच दिशेने ठेवून आणि त्याच वळणात वाकवून. कटअवेच्या (मानेजवळ अंगाला दिलेल्या खाचेच्या) तीव्र वळणात हे सर्रास होतं, विशेषतः लहरी रेषांच्या लाकडात. तिथे वाकवण्याआधीच जाडी १.८ मिमीपर्यंत उतरवलेली बरी. दर्शनी भागातला तडा मोठा असेल तर नवी बाजू वाकवा, पॉलिशखाली तो लपत नाही.

१६. तयार गिटारच्या बाजूला चीर गेली आहे. आता आत पट्टी घालता येईल?

पूर्ण उंचीची पट्टी साउंडहोलमधून बसवणं कठीण आहे. तिथे लहान ठिगळं लावतात: १०-१२ मिमीचे, दीड मिमी जाडीचे स्प्रूसचे तुकडे, रेषा चिरेला आडव्या, कडा उतरत्या.

घाईने चीर बुजवू नका. सुकल्यामुळे गेलेली असेल तर गिटार आधी ४५-५० टक्के आर्द्रतेत आठवडाभर ठेवा. बऱ्याच चिरा आपोआप मिटतात आणि मग गोंद धरतात. उघड्या चिरेत भुसा आणि सुपरग्लू भरला की पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. आपटून गेलेल्या चिरेत दोन्ही ओठ वर-खाली झालेले असतात. ते आतून बोटाने उचलून एका पातळीत आणा, मगच गोंद, मगच चुंबकाने ठिगळ.

१७. पिकअपचा प्रीअँप (त्याचा संकेत वाढवणारं यंत्र) बसवायला किंवा साउंडपोर्टसाठी (आवाज वादकाकडे यावा म्हणून) बाजूला भोक पाडायचं आहे. आतून काय करावं?

भोकाच्या चारही बाजूंना १५-२० मिमी पसरेल असं व्हिनियर आतून आधी चिकटवा, रेषा बाजूच्या रेषांना आडव्या, आणि मग भोक पाडा. भोक पाडून मग आधार देणाऱ्यांची चीर भोक पाडतानाच सुटलेली असते. चौकोनी कोपरे ठेवू नका. प्रीअँपची चौकट चौकोनी असली तरी कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक घ्या. दोन पट्ट्यांच्या मधली जागा निवडा, पट्टी कापून काढू नका.

शक्य असेल तर हाताने बनवलेल्या गिटारला प्रीअँपचं भोक पाडूच नये. शेवटच्या ठोकळ्यातून जॅक काढला की काम होतं. त्यासाठी तो ठोकळा प्लायचा असलेला बरा, कारण एकसंध लाकडाचा ठोकळा आघाताने उभा चिरतो आणि त्याच्याबरोबर बाजूचा सांधाही उघडतो.

१८. मिरजेच्या तंबोऱ्याला असलं काही नसतं, मग गिटारलाच का?

तंबोऱ्याचा भोपळा वेलीवरच गोल वाढतो. तो वाकवलेला नसतो आणि गिटारच्या बाजूसारख्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणाऱ्या सरळ रेषाही त्यात नसतात. तो फुटतोही, पण अंगाने वेगळा फुटतो आणि त्याची दुरुस्ती हे मिरजेच्या कारागिरांचं स्वतंत्र शास्त्र आहे. गिटारची पद्धत तिकडे लावू नका. स्लाइड वाजवण्यासाठी गिटारला तरफेच्या (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या) तारा बसवून घेणाऱ्यांचाही हाच प्रश्न असतो: वाढलेला ताण टॉप आणि मानेवर येतो, बाजूच्या पट्ट्या वाढवून तो पेलला जात नाही.

१९. गिटार एका ठराविक सुरावर झणझणते. आतली पट्टी सुटली असेल का?

असू शकते, पण आधी फ्रेट, तारांची उघडी टोकं आणि ट्यूनरचे सैल स्क्रू तपासा. बहुतेक वेळा दोष तिथे निघतो. ते ठीक असेल तर दुसऱ्या कोणाला तो सूर वाजवायला सांगा आणि तुम्ही बाजूवर बोटाने दाबत फिरा. एका जागी दाबल्यावर झणझण थांबली तर पट्टी त्या मागे आहे. बोटाच्या पेराने टकटक केली तरी सुटलेल्या पट्टीवर आवाज फुटका येतो. लहान आरसा आणि टॉर्च घेऊन बघा, जाड कागदाचा कोपरा पट्टीखाली शिरतो का ते पाहा. एकच टोक सुटलं असेल तर त्याखाली पातळ पात्याने गोंद सरकवून चुंबकाने रात्रभर दाबून ठेवा. पूर्ण सुटली असेल तर काढून घ्या, बुडाचा जुना गोंद खरवडून लाकूड दिसू द्या आणि प्रश्न ९ प्रमाणे पुन्हा बसवा. एकाच वेळी तीन-चार पट्ट्या सुटलेल्या दिसल्या तर गोंद लावायच्या आधी मालकाला विचारा, गिटार उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती वेळ होती.